काकांच्या मरणाची गोष्ट कुठून सुरू होते

माझ्या नोकरीबद्दल काकांचं मत अगदी साफ होतं. पगार होतो ना, मग शिकव. पण शिकवतेस काय, तर परमुलखातल्या मेलेल्या राजांचं रडगाणं. मंगरूळपीरच्या एका कॉलेजात मी मराठी साहित्य शिकवते. साहित्यविचाराच्या पेपरात शोकांतिकेचा एक घटक असतो आणि तो जुन्या ग्रीक नाटकांपासूनच सुरू करावा लागतो, त्याला मी काय करणार? काकांना हे पटायचं नाही. तहसीलचं काम असो की बियाण्याचं, मंगरूळला आले की ते चहाला माझ्याकडे यायचे आणि चहा बशीत ओतता ओतता विचारायचे, "आज कोणता राजा मारला?"

विचारायचे थट्टेनं, पण ऐकायचे मन लावून. मी सांगायचे की ती नाटकं पार शेवटाजवळून सुरू होतात. बरंच काही आधीच होऊन गेलेलं असतं, आता ते फक्त उजेडात यायचं उरलेलं असतं. रंगमंचाच्या मागे राजवाड्याचं दार असतं, माणूस मरतो तो त्या दाराआड किंवा कुठंतरी लांब. मग कोणीतरी धावत येतो आणि तो कसा मेला ते सगळ्यांना सांगतो. यावर काका फारच नाराज झाले होते. मरणारा दाखवायचाच नाही, नुसतं तोंडी सांगायचं, तर मग तिकीट कशाचं घेतात, असा त्यांचा सवाल होता.

एकदा मात्र ते गप्प झाले. मी म्हणाले होते की या नाटकांतला माणूस बहुतेक वेळा वाईट टाळायलाच निघालेला असतो, आणि ज्या वाटेनं टाळायला जातो त्याच वाटेवर ते त्याला भेटतं. काका बशी खाली ठेवून म्हणाले, "हे खरं हाय." मग मी आणखी फुशारून सांगितलं की चांगल्या शोकांतिकेत एका गोष्टीमुळे दुसरी घडते, दुसरीमुळे तिसरी. मधली एक जरी काढली तरी सगळं कोसळलं पाहिजे, अशी बांधणी हवी. हे मात्र त्यांनी उडवून लावलं. आपल्या घरच्या कोणत्याही गोष्टीतून अर्धं काढून टाक, कोणाला पत्ता लागत नाही, म्हणाले.

दिवाळी होऊन हरभऱ्याची पेरणी सुरू होती तेव्हा काका गेले. कपाशीच्या वावरात, धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या बोरीखाली बसले होते ते तसेच कलंडले. शेजारच्या वावरातल्या माणसाला दिसले तेव्हा सगळं संपलं होतं. तो धावत गावात आला आणि त्यानं सांगितलं. मला फोन आला तेव्हा मी वर्गात होते.

आमचं गाव इंझोरीच्या बाजूला आहे, लहान, फाट्यापासून आत. आमच्याकडे मयतीच्या दिवशी कोणी काही विचारत नाही. दुसऱ्या दिवसापासून माणसं बसायला येतात. पुरुष ओसरीत, बायका आत सतरंजीवर. थोडा वेळ सगळे गप्प बसतात, मग आलेल्यांपैकी कोणीतरी विचारतं, "कसं झालं, माय?" हे विचारावंच लागतं. विचारलं नाही तर माणूस नुसता तोंड दाखवायला आला, असं होतं. आणि घरच्यांनी ते सगळं पहिल्यापासून सांगायचं; जो नवा येईल त्याला नव्यानं.

यात आमच्या घराण्याची आणखी एक रीत आहे. सांगणारं तोंड एक असावं. दहा जणांनी दहा तऱ्हांनी सांगितलं की गावात दहा फाटे फुटतात, हा अनुभव. जिचा नवरा गेला तिनं तर बोलायचंच नसतं. ती आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसते. तिच्या गळ्यात पडून रडायचं, पण तिला विचारायचं नाही. त्यामुळे काकू बसून राहिली आणि सांगण्याचं काम मोठ्या आत्याकडे आलं.

आत्या म्हणजे काकांची थोरली बहीण, आसेगावला दिलेली. तिच्या तोंडून भाजीवाल्याशी झालेलं भांडणसुद्धा ऐकत राहावंसं वाटतं. काका गेले तेव्हा ती तिथं नव्हती, दुपारून आली. पण आल्या आल्या रडून झाल्यावर तिनं सगळ्यांकडून तुकडे गोळा केले, गोधडी शिवणारी बाई घराघरांतून जुनी लुगडी मागते तसे. वावरात ज्यानं पाहिलं त्याच्याकडून एक, काकांच्या मुलाकडून, म्हणजे माझ्या चुलतभावाकडून, त्याला मी दादा म्हणते, एक. आणि दादाच्या बायकोकडून, माझ्या वहिनीकडून एक.

वहिनीचा तुकडा असा होता. सकाळी काका मंगरूळला निघाले होते, फवारणीच्या पंपाचं तोंड बदलून आणायला. दादाही मोटारसायकलनं तिकडेच चालला होता. वहिनी म्हणाली, मामाजी, गाडीवर नका जाऊ, पुलाजवळ रस्त्याचं काम सुरू आहे, सगळी गिट्टी पडली आहे, गाडी घसरते; तुम्ही एसटीनं जा. काका बरं म्हणाले आणि पिशवी घेऊन पायी फाट्याकडे निघाले. हे वहिनीनंच आत्याला सांगितलं, रडत रडत, स्वतःहून.

ही वहिनी अशी की घरातून बाहेर पडणाऱ्याला दोन शब्द चिकटवल्याशिवाय सोडायची नाही. पाण्याची बाटली घेतली का, उपाशी पोटी जाऊ नका, ताई तुमच्या मागच्या चाकात हवा कमी दिसते. काका तिला घरचा ट्राफिक पोलीस म्हणायचे. लग्नाला चार-पाच वर्षं झाली असतील, अंगणवाडीत जाणारी एक मुलगी. तिचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात, दसरा झाला की त्यांच्या घराला कुलूप. म्हणून बापही मयतीला येऊ शकला नव्हता, फोनवर रडला फक्त.

कॉलेज सुटलं की मी रोज स्कूटीनं गावी जायचे आणि आत्याच्या शेजारी बसायचे. पहिल्या दिवशीचं तिचं सांगणं अगदी अघळपघळ होतं. काका दिवाळीपासून सोडा खायचे, पित्त झालं म्हणायचे, हे त्यात होतं. खांदा दुखतो म्हणून काकूकडून मलम लावून घेतलं होतं, हेही होतं. फाट्यावर पोचले तर एसटी निघून गेलेली होती, कारण त्या दिवशी ती चक्क वेळेवर आली. यावर बायकांत जराशी खसखस पिकली, कारण आमच्या फाट्यावर एसटी वेळेवर येणं म्हणजे आक्रीतच. मग काका घरी परतण्याऐवजी तसेच वावराकडे गेले, आणि तिथं ते झालं. ऐकणाऱ्यांतली एक म्हातारी म्हणाली, कावळा बसायला अन् फांदी तुटायला एकच गाठ. सगळ्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी एसटीचं वेळेवर येणं गोष्टीतून गेलं. मी मुद्दाम लक्ष ठेवून होते. बायका तिथं हसतात आणि रडण्याचा धागा तुटतो, हे आत्याच्या बरोबर ध्यानात आलं असणार. आता काका फाट्यावर पोचले तेव्हा "गाडी हुकली" एवढंच. त्यानंतर कधीतरी पित्त आणि सोडा गेला. मग मलम गेलं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं ना. मधेच येऊन नुसतं पडायचं. जे उरलं ते मात्र घट्ट होत गेलं. सुनेनं गाडीवर जाऊ नका म्हटलं, म्हणून तो पायी निघाला. पायी निघाला म्हणून एसटी हुकली. हुकली म्हणून वावरात गेला. आणि वावरात होता म्हणून एकटा मेला. गाडीवर गेला असता तर त्या वेळेला मंगरूळात, दवाखान्याच्या दारात असता.

मी हे बघत होते आणि खरं सांगायचं तर मला ते बघायला आवडत होतं. घरात मरण झालेलं असताना असं वाटू नये, पण वाटत होतं त्याला इलाज नाही. आयुष्यभर जे पुस्तकातून शिकवलं ते माझ्यासमोर सतरंजीवर घडत होतं. आत्याला ग्रीस कुठं आहे हे माहीत नसेल. पण सुरुवात कुठं करायची, काय गाळायचं, कुठं थांबायचं, आणि भल्यासाठी केलेलं काम उलटलं की ऐकणाऱ्याच्या काळजात कसं रुततं, हे तिला नेमकं कळत होतं. बायका आता हसत नव्हत्या. शेवटच्या वाक्याला पदर डोळ्याला लागायचे. आणि पदर लावता लावता सगळ्या दाराकडे बघायच्या.

दारात वहिनी उभी असायची, काळ्या चहाचा ट्रे घेऊन.

मला आधी तिचं लक्षात आलं नाही. मी गोष्ट बघत होते, तिला नाही. मग एका संध्याकाळी निघताना मी स्कूटी चालू केली, थोडी पुढं घेतली आणि साइड स्टँड दगडाला खरडून मी पडता पडता वाचले. वहिनी अंगणातच भांडी घासत होती. तिनं स्टँड खाली असलेलं पाहिलं होतं, मला दिसलं होतं तिनं पाहिलेलं. आणि ती काही बोलली नव्हती. तेव्हा मला आठवलं की गेले कित्येक दिवस ती कोणालाच काही सांगत नाही. दादा न जेवता निघून जातो, सांगत नाही. मुलगी अनवाणी गिट्टीकडे पळते, ती उठते, उचलून आणते, पण हाक मारत नाही.

दादाला मी गाठलं. तो वाईट माणूस नाही. बायकोला तो एका शब्दानं टाकून बोलला नव्हता, पण तिच्याशी एक शब्दही बोलला नव्हता. मी म्हणाले, अरे, तिनं काळजीनं सांगितलं होतं. तो म्हणाला, मी कुठं काय म्हणतो? पण बाबा माझ्या मागे गाडीवर बसले असते, हे डोक्यातून जात नाही. मी त्याला समजावायला गेले की आधी घडलं म्हणजे त्याच्यामुळे घडलं असं होत नाही. वर्गात मी हे कोंबड्यावरून शिकवते. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. पण तिथं कोंबडा घेऊन उभं राहायची माझी छाती झाली नाही. शिवाय मलाच खात्री नव्हती. गाडीवर गेले असते तर वाचले नसते, असं मी कशाच्या जोरावर म्हणणार होते? आत्याची गोष्ट मलाही पटलेलीच होती. ती इतकी छान बसलेली होती की तिच्यात बोट शिरायला जागा नव्हती.

त्याच दिवसांत वर्गात मी नेमका हाच घटक शिकवत होते. सुरुवात म्हणजे काय ते मी फळ्याशी उभी राहून सांगितलं: जिच्या आधी काय झालं हे विचारायची गरज पडत नाही ती सुरुवात. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला आणि विचारलं की ते ठरवतं कोण, मॅडम? मी म्हणाले, नाटककार. ती खाली बसली, पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही, आणि माझंही झालं नव्हतं.

तेरवीच्या आदल्या दिवशी वहिनीचा बाप आला. उसाच्या फडावरून, मुकादमाची परवानगी काढून, दोन गाड्या बदलत. काटक, उन्हानं रापलेला, हाताला कोयत्याचे घट्टे. दुखवट्याचं धोतर-टोपी त्यानं नवीन आणली होती, ती पिशवीतून काढून दादापुढं ठेवली आणि ओसरीवर बसला. थोडा वेळ गप्प राहिला. मग त्यानं रीतीप्रमाणे विचारलं, कसं झालं?

तो पुरुषमाणूस, म्हणून आत्या आतून ओसरीवर आली आणि खांबाला टेकून बसली. मीही तिच्या मागोमाग आले. दादा पायरीवर होता. वहिनी दाराच्या चौकटीशी, आणि काकू तिच्या मागे आतल्या अंधारात, रोजच्या जागी.

आत्यानं सांगितलं. तिच्या मनात काही काळं होतं असं मला आजही वाटत नाही. तिचा भाऊ गेला होता आणि तिला सांगण्यावाचून दुसरं काही करता येत नव्हतं. समोर सुनेचा बाप आहे म्हणून तिनं एक शब्द वाढवला नाही की कमी केला नाही. पण गोष्ट आता अशी झाली होती की कोणापुढंही सांगितली तरी एकाच ठिकाणी जाऊन थांबायची. "गाडीवर गेला असता तं दवाखान्याच्या दारात असता," ती म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला.

बापानं डोक्यावरची टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि आत्यापुढं दोन्ही हात जोडले.

"आमच्या पोरीचं चुकलं," तो म्हणाला. "माफी करा."

मग तो हळूहळू म्हणाला की काही दिवस तिला मी घेऊन जातो. लोकांची तोंडं थोडी थंडावली की तुम्ही बोलवा, मी आणून सोडीन. घरी कोणी नाही, पण फडावर आमची कोपी आहे, तिथं राहील आईजवळ. दादानं काहीच म्हटलं नाही. आत्या म्हणाली, पोरगी इथं राहू द्या, तिची अंगणवाडी बुडेल. हे तिनं मायेनंच म्हटलं. वहिनीनं आधीच एक पिशवी भरून दाराआड ठेवली होती. कोणी सांगितलं होतं, की तिनंच ओळखलं होतं, मला माहीत नाही. आमच्याकडे काही दिवसांसाठी म्हणून माहेरी गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. ते काही दिवस कधी संपतात ते कोणालाच सांगता येत नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला, "बाई, थांबा. मले सांगू द्या."

काकू उठली होती. भिंतीला धरून ती दारापर्यंत आली, वहिनीला बाजूला सारून उंबरठा ओलांडून ओसरीवर आली. इतक्या दिवसांत तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता. आत्या अर्धवट उठली, तिला आत न्यायला; रीत तशीच आहे. काकूनं तिचा हात धरला, पण आत गेली नाही. आत्याच्या शेजारी खाली बसली आणि व्याह्याकडे बघून बोलली.

"इवाईबुवा, हात जोडू नोका. ते गाडीवर जाणारच नव्हते. हे पोरगी बोलली त्याच्या आंधीच त्यायनं मले सैपाकघरात सांगतलं होतं, आज यष्टीनं जातो म्हणून."

मग तिनं सांगितलं. तिला आत्यासारखं सांगता येत नाही. मागचं पुढं, पुढचं मागं करत, मधेच थांबत. दिवाळीपासून काकांचा खांदा दुखायचा, तो नुसता खांदा नव्हता. दुखणं हातातून उतरायचं, जबड्यात चढायचं. दोनदा घामानं बनियान भिजलं होतं. काकू म्हणाली होती, पोराला सांगू. काकांनी तिला नातीची शपथ घातली. पोरगं लगेच अकोल्याला नेईल, भरती करतील, आणि हरभरा पेरायचा राहील. पेरणी निम्मी उरकली तेव्हा ते स्वतःच म्हणाले की मंगरूळच्या डॉक्टरला एकदा दाखवून येतो, कोणाला न सांगता. दादासोबत गेले असते तर दवाखाना कसा लपवणार? म्हणून एसटी. पंपाचं तोंड पिशवीत टाकलं ते दाखवायला. हातात काहीतरी काम पाहिजे ना, म्हणाले.

"अन् हे सांगायले आली," काकू वहिनीकडे बघून म्हणाली, "मामाजी, गाडीवर नोका जाऊ. तं ते माह्याकडे पाहून हासले. मले म्हणते, पाह्य, ट्राफिक पोलिसानंच रस्ता मोकळा करून देल्ला."

ते काकांचंच वाक्य होतं. त्यात कोणाला शंका यायचं कारणच नव्हतं, काका तिथं येऊन बोलून गेल्यासारखं वाटलं. एसटी हुकल्यावर ते घरी का परतले नाहीत, तेही आता आपोआप कळलं. परतले असते तर दादा म्हणाला असता, चला गाडीवर. पुढच्या एसटीपर्यंत वेळ काढायला ते वावरात जाऊन बसले असतील. असतील, एवढंच, त्यापुढचं काकूलाही माहीत नव्हतं आणि तिनं ते जोडलंही नाही.

आत्या काकूकडे बघत होती. तिची इतक्या दिवसांची गोष्ट एका क्षणात उलटी झाली होती, आणि ते तिला आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं. तिनं विचारलं, "मंग हे तू आंधी काहून नाही सांगतलं?"

"मले कोणी इचारलंच नाही, बाई," काकू म्हणाली. "जो आला त्यानं तुमालेच इचारलं."

हे तिनं तक्रारीनं म्हटलं नाही. आम्ही रोज तिच्या गळ्यात पडत होतो, तिच्या तोंडात घास घालत होतो. मी तर रोज तिच्यापासून हाताच्या अंतरावर बसून गोष्ट कशी बांधली जाते ते बघत होते. सकाळी सैपाकघरात काकांबरोबर ती एकटीच होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मग काकूचा आवाज फुटला. दोष द्यायचा तर मला द्या, म्हणाली. सगळं माहीत असून मी गप्प बसले. ते गेल्यावरही मी शपथ धरून बसले, नातीची शपथ होती म्हणून भ्याले. आता सांगितलं, आता जे व्हायचं ते होवो. आणि ती रडायला लागली, आतापर्यंतच्या रडण्याहून वेगळं, मोठ्यानं, लहान मुलासारखी.

आता काय होतं, असं मला झालं. गोष्टीतून एक बाई सुटली होती आणि तिथं दुसरी येऊन बसली होती. जागा तर रिकामी राहत नाही. सगळे आत्याकडे बघत होते, मीही.

आत्यानं काकूचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. बराच वेळ ती थोपटत राहिली. मग कोणाकडेही न बघता बोलायला लागली की तो लहानपणापासून असाच. एकदा त्याच्या टाचेत बाभळीचा काटा गेला होता. बाप रागावेल म्हणून त्यानं सांगितलं नाही, गुरांमागे तसाच फिरला. पाय सुजून लाकूड झाला तेव्हा लंगडताना आपण पाहिलं, तर म्हणे, काही नाही, बूट चावला. पायात तर कधी बूट नव्हताच. "त्याले दुखणं सांगताच ये नाही," आत्या म्हणाली. "तू काय करशील अन् हे पोरगी काय करीन?"

दादा पायरीवरून उठला. दाराआडची पिशवी त्यानं उचलली आणि आत नेऊन ठेवली. वहिनीशी तो तेव्हाही बोलला नाही, पण जाता जाता तिच्या हातातला रिकामा ट्रे काढून घेतला आणि तिला म्हणाला, बस.

थोड्या वेळानं आम्ही बायका आत जाऊन बसलो, तेवढ्यात मागच्या गल्लीतल्या दोन बायका आल्या. सतरंजीवर बसल्या, गप्प राहिल्या आणि मग एकीनं विचारलं, कसं झालं? आत्यानं काकूकडे बघितलं. काकूनं मान हलवली, तुम्हीच सांगा अशी. आणि आत्यानं सुरुवात केली ती बाभळीच्या काट्यापासून. मी ऐकत होते. काटा, बूट, मलम, सोडा, शपथ, पिशवीतलं पंपाचं तोंड. गाळलेलं सगळं परत आलं होतं आणि आपापल्या जागी बसलं होतं. वेळेवर आलेली एसटीसुद्धा आली. बायका तिथं हसल्या, आणि या वेळी आत्यानं त्यांना हसू दिलं. हीही गोष्ट बांधलेलीच होती, हे मला दिसत होतं. पण हिच्यात शेवटी कोणी दाराकडे बघत नव्हतं, कारण वहिनी आत, काकूच्या शेजारी, सतरंजीवर बसलेली होती.

बापाला संध्याकाळची एसटी पकडायची होती. लेक आता घरातच राहतेय, तर तेरवीला न थांबता मुकादमाला उद्याच तोंड दाखवलेलं बरं, म्हणाला. मी म्हणाले, मी मंगरूळलाच चालले, फाट्यावर सोडते. तो माझ्या मागे अवघडून बसला, पिशवी छातीशी धरून. वहिनी मुलीला कडेवर घेऊन अंगणाच्या तोंडापर्यंत आली. मी किल्ली फिरवली.

"ताई," ती म्हणाली.

मी मागे वळून बघितलं. ती खाली बघत होती, माझ्या स्कूटीच्या पायाकडे.

"स्टँड," ती म्हणाली. मी ते पायानं वर केलं. मग बरंच थांबून, एकेक शब्द चाचपून बघावा तसं तिनं म्हटलं, "अन् पुलाकडून नोका जाऊ. गिट्टी हाय."

माझ्या मागे बसलेल्या बापाचा श्वास मला ऐकू आला. मी बरं म्हणाले आणि गाडी शाळेमागच्या लांबच्या रस्त्याला वळवली.